जिन्याखालचे मालक

थोड्या पैशांतही माणूस जागेचा मालक होऊ शकतो, हे वेलांटीसाहेबांच्या डोक्यात त्यांच्या मेहुण्याने घातलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या नावावर तीन फ्लॅट होते आणि तोंडात एकच वाक्य होतं, "भाऊजी, पैसा झोपवू नका, पैशाला कामाला लावा." हे वाक्य तो दर रविवारी येऊन, वेलांटीसाहेबांच्या खुर्चीत बसून, वेलांटीसाहेबांचाच चहा पीत ऐकवायचा. टोमणा माणूस एकदा गिळतो, दोनदा गिळतो. पण दर रविवारी चहाबरोबर टोमणा म्हटल्यावर पचनावर परिणाम व्हायचाच.

वेलांटीसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक चुकीची वेलांटी निसटली नव्हती, म्हणून यंत्रावरच्या माणसांनी त्यांचं हे बारसं केलं. एकदा पाय मोडून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा स्ट्रेचरवर आडवे असतानाच ते वरच्या पाटीकडे बोट दाखवून कळवळून ओरडू लागले. नर्सला वाटलं, ऑपरेशनला घाबरले. प्रत्यक्षात पाटीवर 'शस्त्रक्रीया विभाग' असं लिहिलेलं होतं.

तर असा हा चोख माणूस एका शनिवारी जागेच्या दलालाकडे गेला. भांडवल म्हणजे स्वयंपाकघराच्या फरशीसाठी बाजूला ठेवलेले पैसे. फरशी चार ठिकाणी उखडली होती आणि बायकोला चालताना कुठे पाय टाकायचा ते पाठ झालं होतं. पैशांचं नाव काढल्यावर ती एवढंच म्हणाली, "फरशी पुढच्या वर्षी झाली तरी माझी हरकत नाही. फक्त ते पुढचं वर्ष कोणतं, ते मला कागदावर लिहून द्या."

दलालाने रक्कम ऐकली आणि डॉक्टर वाईट रिपोर्टकडे बघतो तसं वेलांटीसाहेबांकडे बघितलं.

"यात फ्लॅट येणार नाही."

"मला कल्पना आहे."

"यात फ्लॅटची बाल्कनीसुद्धा येणार नाही."

"मग काय येईल?"

दलालाने बराच वेळ पेन दाताखाली धरलं. मग आवाज खाली आणून, एखादं घराण्यातलं गुपित सांगावं तसा तो म्हणाला, "एक खोली आहे. तळमजला. अगदी मोक्याची. इमारतीतल्या प्रत्येक माणसाला तिच्यावरून जावंच लागतं."

ते शब्दशः खरं होतं, कारण खोली जिन्याखाली होती. लोक तिच्यावरून जात म्हणजे डोक्यावरून जात. दाराशी छत साडेसहा फूट, मग जिन्याबरोबर उतरत उतरत शेवटाला जेमतेम दीड फूट. "पाहा," दलाल म्हणाला, "दाराशी उभं राहायचं, मध्ये बसायचं, टोकाला आडवं व्हायचं. माणसाला याच्यापलीकडे लागतं काय?" वेलांटीसाहेबांना त्यात तत्त्वज्ञान दिसलं आणि ते विरघळले. जुना मालक शिंपी होता. त्याने अठरा वर्षं त्या खोलीत मशिन चालवलं होतं. भाडं चांगलं येईल, असा हिशेब दलालाने मांडून दाखवला. त्या हिशेबात खरं काही नव्हतं, पण तो दिसायला सुंदर होता.

ही बातमी बाहेर पडायला वेळ लागला नाही आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "खाली खोली घेऊ नका, ओल येते." वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "ओल आली तर बरं, घासाघीस करता येते." छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "माझ्याकडून पगारवाढ मागणार नाही ना आता?" आणि उत्तराची वाट न बघता अभिनंदन करून टाकलं. यंत्रावरचा मुख्य कारागीर तेवढा खरं बोलला. तो म्हणाला, "साहेब, स्वस्त वस्तूत मेख कुठे आहे ते आधी शोधा."

"कागद मी स्वतः वाचणार आहे," वेलांटीसाहेब म्हणाले. विषय संपला. ते कागद वाचणार म्हटल्यावर मेख राहील कशी?

आणि त्यांनी वाचला. खरेदीखताचा अकरा पानी मसुदा तांबड्या पेन्सिलीने असा तपासला की कागद गोवर आल्यासारखा दिसू लागला. एकूण एक्केचाळीस चुका. पान नऊवर तर एकाच वाक्यात दोन. दलालाच्या टंकलेखकाला तो तीनदा नव्याने काढावा लागला. तिसऱ्या खेपेला टंकलेखक म्हणाला, "काका, जागा घ्यायची आहे की माझा जीव?"

"आता एकही चूक नाही," वेलांटीसाहेब समाधानाने म्हणाले.

"नक्की ना? मजकूर सगळा मान्य?" दलालाने विचारलं.

"निर्दोष!"

नोंदणी कार्यालयात मात्र वेगळीच पंचाईत झाली. चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटासुलटा केला.

"यात तीनच प्रकार आहेत. सदनिका, दुकान, मोकळी जमीन. तुमचं काय?"

"यांतलं काहीच नाही."

"मग तुम्ही काहीच घेतलेलं नाही," कारकून म्हणाला आणि अर्ज परत सरकवला.

बरीच विनवणी झाल्यावर 'दुकान' लिहायचं ठरलं. मग त्याने विचारलं, "उंची?"

"एका टोकाला साडेसहा फूट, दुसऱ्या टोकाला दीड."

"सरासरी सांगा. चार लिहितो."

"अहो, पण चार फुटांत माणूस उभा राहू शकत नाही!"

"कागदावर कुणाला उभं राहायचंय? खिडक्या किती?"

"एकही नाही."

"कॉम्प्युटर शून्य घेत नाही. एक टाकतो."

"पण नाहीये ती!"

"मग पाडून घ्या."

अशा रीतीने वेलांटीसाहेब चार फूट उंचीच्या, एक खिडकी असलेल्या दुकानाचे कायदेशीर मालक झाले. एवढं खोटं छापील कागदावर स्वतःच्या सहीने जाताना त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. शिंप्याने मात्र किल्ली देताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "सांभाळा," एवढंच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. वेलांटीसाहेबांना वाटलं, जागेची माया किती असते पाहा. संध्याकाळी त्यांनी दाराला नवं कोरं कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि दोन गल्ल्या चालत ताठ मानेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांच्या दारावर थापा पडल्या.

बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या तोंडात ब्रश. वेलांटीसाहेब बनियनवर होते. पुढे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "मी त्या इमारतीची सेक्रेटरी. नवे मालक तुम्हीच ना?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी मालक म्हटलं होतं. गर्दीचं कारण काय हे विचारायच्या आधी ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"मालक, पाणी!" गर्दी म्हणाली.

"देतो ना," वेलांटीसाहेब उदारपणे म्हणाले आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अगं, पाणी आण गं, मंडळींना."

"प्यायचं नाही हो!" सेक्रेटरीबाई ओरडल्या. "इमारतीचं! चावी तुमच्या खोलीत आहे!"

मग उलगडा झाला. खोलीच्या पार शेवटी, जिथे छत दीड फुटावर येतं, तिथे भिंतीत एक गंजकं तांबडं चाक होतं. ती इमारतीच्या पाण्याची मुख्य चावी. शहराचं पाणी साडेपाच ते सात. रोज साडेपाचला आडवं होऊन ते चाक चौदा वेळा फिरवायचं, मग चाकावर पान्याने तीन ठोके द्यायचे आणि 'सोडा!' असं ओरडायचं. ही हाळी ऐकू आल्याशिवाय तेवीस बिऱ्हाडांपैकी कुणीही नळ उघडायचा नाही. कारण दुसऱ्या मजल्यावरच्या ओव्हरसियरकाकांनी सांगून ठेवलं होतं की आधी नळ सोडला तर पाइपात हवा धरते आणि आठवडाभर इमारत कोरडी राहते. ओव्हरसियरकाका उभं आयुष्य रस्त्यांच्या खात्यात होते. त्यांचा पाण्याशी संबंध रस्ते वाहून जाण्यापुरताच आलेला. पण आवाज मोठा होता.

"पण हे माझं काम कसं?" वेलांटीसाहेबांनी विचारलं.

सेक्रेटरीबाईंनी खरेदीखताची प्रत पुढे केली. पान नऊ. "सदर खोलीतील मुख्य चावी रोज पहाटे साडेपाच वाजता फिरवून सर्व रहिवाशांची सोय करण्याची जबाबदारी खोलीच्या मालकाकडे कायमची राहील."

वेलांटीसाहेब त्या वाक्याकडे पाहतच राहिले. मसुद्यात 'चावि' होतं, 'फिरवुन' होतं. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं होतं. वाक्य आता खरोखर निर्दोष होतं. त्याला काही अर्थही आहे, हे मात्र त्यांना आत्ता कळत होतं. आणि वाचताना अर्थ लागलाच असता, तर चावी म्हणजे त्यांना दाराची किल्ली वाटली असती. ते खोलीवर गेले, सरपटत आत शिरले, चाक फिरवलं, ठोके दिले, ओरडले. पण तोवर सात वाजून गेले होते. नळांनी नुसता घसा खाकरला. त्या दिवशी इमारतीतली तेवीस कुटुंबं आंघोळीवाचून कामावर गेली आणि जाताना प्रत्येकाने एकदा जिन्याखाली वाकून मालकांकडे पाहिलं.

बायको दिवसभर उखडलेल्या फरशीवर जपून पाय टाकत हिंडली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. रविवारी मेहुणा आला. खुर्चीत बसून सगळं ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊजी, मी पैशाला कामाला लावायला सांगितलं होतं. तुम्ही स्वतःच लागलात!"

तोड एकच होती. भाडेकरू आणायचा आणि चावी त्याच्या गळ्यात घालायची. पहिला आला तो घड्याळं दुरुस्त करणारा. वेलांटीसाहेबांना वाटलं, याच्याइतका वेळेचा पक्का माणूस दुसरा कोण? पण त्याच्यापाशी तीस घड्याळं होती आणि तीस वेगवेगळ्या वेळा. त्यांतली कोणती खरी, हा प्रश्न त्याने कधी स्वतःला विचारला नव्हता. तो कधी पाच वाजता 'सोडा!' ओरडे, कधी पावणेआठला. दहाव्या दिवशी इमारतीने त्यालाच सोडलं.

दुसरा विमेवाला. हा वक्तशीर होता. ठीक साडेपाचला हजर. चौदापैकी सात फेरे फिरवायचा, थांबायचा, आणि जिन्यात तोंड घालून मोठ्याने विचारायचा, "माणसाच्या आयुष्याचा भरवसा आहे का?" मग पाव तास तो भरवसा नाही हे पटवून द्यायचा आणि नंतर उरलेले सात. तेवीस बिऱ्हाडं कोरड्या नळाखाली बादल्या लावून मृत्यूचा विचार करत उभी. तिघांनी पॉलिसी घेतली. चौथ्याने त्याला जिन्यात गाठलं आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या भरवशाबद्दल दोन शब्द सुनावले. दुपारीच खोली रिकामी झाली.

मग मालकांनीच जायला सुरुवात केली. पाच वाजता गजर. बायको अंथरुणातूनच म्हणायची, "उठा, जमीनदार." महिनाभरात कंबर धरली. छापखान्यात ते खुर्चीवरून उठायला लागले की कारागीर पाठीमागून हळूच तीन ठोके द्यायचे. सव्वीस वर्षांच्या अब्रूचं असं मातेरं झालं. त्यात एका जाहिरातीत 'सुट्टी'ची 'सूट्टी' छापून गेली, तेव्हा छापखान्याच्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून अतिशय प्रेमाने विचारलं, "झोप होत नाही का?" प्रेमाने विचारलं, हेच लागलं.

शेवटी कंबर वाचवायची म्हणून त्यांनी प्लंबरला बोलावलं. चाकाला लांब दांडा जोडायचा, म्हणजे दाराशी उभ्याने फिरवता येईल. प्लंबर सरपटत आत गेला. आतून बराच वेळ ठकठक ऐकू आली. मग हसण्याचा आवाज आला.

"साहेब, हे चाक कशाला फिरवायचंय तुम्हाला?"

"म्हणजे? पाणी यायला!"

"याला पाइपच नाही हो जोडलेला. नवी लाइन टाकली तेव्हा ती बाहेरून घेतली. मीच घेतली. नऊ वर्षं झाली. पाणी आपलं आपण येतं साडेपाचला."

वेलांटीसाहेब कंबर धरून दाराशी वाकले. "मग नऊ वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं शोभेला ठेवलंय," प्लंबर म्हणाला आणि येण्याजाण्याचे पैसे मागू लागला.

दुसऱ्या दिवशी वेलांटीसाहेब गजर न लावता झोपले. पावणेसहाला दारावर थापा. तेवीस बादल्या.

"मालक, पाणी नाही!"

"नळ सोडून पाहिलात का?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांनी गच्चीवरून उडी मारायला सांगितलं असावं. "चावी न फिरवता?" ओव्हरसियरकाका म्हणाले. "हवा धरली तर तुम्ही भरून देणार का?"

सव्वीस वर्षं चुका शोधणाऱ्या माणसाला एवढी ढळढळीत चूक पोटात ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी इमारतीची सभा बोलावली. बायकोलाही बरोबर नेलं, साक्षीला. जिन्यात सगळे पायऱ्यांवर बसले. वेलांटीसाहेब खाली दाराशी उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं की चाकाला पाइप नाही, पाणी आपोआप येतं, आजवर तुम्ही विनाकारण थांबलात आणि मी विनाकारण आडवा झालो.

मग ओव्हरसियरकाका खाकरले. "हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विचार केला असता. पण यात तुमचा फायदा आहे. तुम्हाला पहाटे उठायचा कंटाळा."

"अहो, प्लंबरला विचारा!"

"प्लंबरला पैसे कुणी दिले? तुम्हीच."

चौथ्या मजल्यावरची नर्स धीट होती. ती म्हणाली, "मी उद्या हाळीशिवाय नळ सोडून बघते." तिने खरोखरच सोडला आणि धो धो पाणी आलं. संध्याकाळी पुन्हा सभा भरली. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "आदल्या दिवशीचं पाइपात उरलेलं असणार." इमारतीने माना डोलावल्या. नर्ससुद्धा जरा विचारात पडली.

तेवढ्यात सेक्रेटरीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या उठून उभ्या राहिल्या. "मालक, आडून आडून कशाला? महिन्याला काही पैसे हवे असतील तर सरळ बोला. शिंपीही गेल्या वर्षी असाच कुरकुरत होता. आपण लक्ष दिलं नाही आणि तो गेला. प्रत्येक बिऱ्हाडाने थोडं थोडं दिलं तर जड नाही."

"छे छे! मला पैसे नकोत," वेलांटीसाहेब हादरून म्हणाले. "ते चाक खोटं आहे!"

"कमी वाटतात का?" सेक्रेटरीबाईंनी लोकांकडे पाहिलं. "बरं, सव्वापट करू."

"बाई, माझं ऐका. मी हे पैसे घेतले तर ती फसवणूक होईल!"

"दीडपट," तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "माणूस पक्का आहे."

वेलांटीसाहेबांनी हात जोडले. हे पाप आपल्या हातून होणार नाही, असं ते घशाच्या शिरा ताणून सांगू लागले. त्यावर खालच्या तीन पायऱ्यांमध्ये कुजबुज झाली आणि रक्कम दुप्पट झाली. शिवाय वर्षाला दोन सुट्ट्या, त्या दिवशी काका स्वतः आडवे होणार. वेलांटीसाहेब चौथ्यांदा तोंड उघडणार एवढ्यात बायको पुढे आली. इतका वेळ ती भिंतीला टेकून नुसती ऐकत होती.

"त्यांना मान्य आहे," ती म्हणाली. "ते भिडस्त आहेत. कागद करा, मी वाचते."

तिने खरंच वाचला, अगदी अर्थासकट. चाकाला पाइप नाही हे मालकांनी सभेत स्पष्ट सांगितल्याचं वाक्य तिने त्यात मुद्दाम घालायला लावलं. इमारतीने ते हसत हसत घातलं आणि तेवीस जणांनी खाली सह्या केल्या. मेहुण्याने पुढच्या रविवारी तो कागद दोनदा वाचला. एवढ्याशा भांडवलावर एवढा परतावा त्याच्या तिन्ही फ्लॅटना मिळून नव्हता. तो सावकाश खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बसा ना, भाऊजी."

पैसे वेळेवर येतात. वेलांटीसाहेब रोज पहाटे जातात. फेरे चौदाच मारतात, कमी नाहीत. घेतलेल्या पैशांना जागलं पाहिजे. मनाची टोचणी मात्र जात नाही, म्हणून 'सोडा!' ओरडल्यावर ते न चुकता मोठ्याने जोडतात, "याच्यात माझं काही नाही बरं का!"

त्यावर वरच्या कुठल्या तरी मजल्यावरून, भरत्या बादलीच्या आवाजाच्याही वर, कुणीतरी गहिवरून म्हणतं, "हाच तर तुमचा मोठेपणा, मालक!"